एकदाच विचारणारा डबा

तनुजाला कुणी एकदा 'नको' म्हटलं की तिच्या लेखी विषय संपला. पडेगावच्या त्या रो-हाऊसच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली ती शेजारच्या नजमुन्निसाभाभींमुळं. तनुजा आणि तिचा नवरा सत्यम नवीन राहायला आले तेव्हा भाभी ओळख करून घ्यायला आल्या. खुर्चीत ऐसपैस बसल्या. तनुजानं चहा घेणार का विचारलं, तर रिवाजाप्रमाणं म्हणाल्या, "नक्को नक्को, अब्बीच पी के आई." तनुजा म्हणाली, बरं. आणि खरोखरच चहा ठेवला नाही. भाभी बराच वेळ बसल्या, पाणी पिऊन गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना कळलं की नवी बाई स्वभावानं गुणाची आहे, पण तिच्याकडं जाताना घरूनच चहा पिऊन जावं.

हे फिरत फिरत तनुजाच्या कानावर आलं तेव्हा ती हसली. तिला त्यात स्वतःची काही चूक दिसेना. बाई नको म्हणाली, आपण दिला नाही, एवढं साधं आहे.

तिचंही बरोबर होतं म्हणा. तिचं माहेर फुलंब्रीचं, आणि त्या घरात तिच्या 'नको'ला कवडीची किंमत नव्हती. ताटात नको म्हणेपर्यंत भाताचा डोंगर पडलेला असायचा. डी.एड. नको म्हणाली, तर डी.एड.ला घातलं. पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या घेऊन जायचं नाही म्हणाली, तर बश्या भरून हातात दिल्या. काकू, आत्या, मावश्या, सगळ्या मायेनंच मागं लागायच्या, आणि त्या मायेतून सुटका नव्हती. शेवटी डी.एड. अर्ध्यात टाकून ती शहरात आली आणि एका कॉम्प्युटर क्लासला बसली. तिथं सत्यम भेटला. त्यानं एके दिवशी लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि समोरचा वडापाव खाऊ लागला. पुढं वर्षभर त्या पोरानं त्या विषयाचा ब्र काढला नाही. मग हिनंच काढला. पहिल्या नकारावर थांबणारा एक तरी माणूस जगात आहे म्हणून लग्न केलं, असं ती सांगायची, आणि ते बरंचसं खरं होतं.

पोटापाण्याचं कामही तिनं त्याच धाटणीचं निवडलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून मोबाइलवरच्या अ‍ॅपचे पडदे आखून द्यायची. माणसाचं बोट कुठं जाईल, कुठलं बटण कुठल्या रंगाचं, कुठला प्रश्न कधी विचारायचा, हे सगळं ती ठरवायची. दहा वेळा मागं लागणारी अ‍ॅप तिला डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. तिनं केलेलं अ‍ॅप एकदा विचारायचं. नाही म्हटलं की तोंड मिटायचं.

हे झालं नोकरीचं. हौसेचा कारभार वेगळाच होता. जिन्याखालच्या कपाटात सत्यमचा बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप बारा महिने चालू असायचा. तो घरचा सर्व्हर. घरातले सगळे फोटो त्यावर, गाणी त्यावर, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलं याचा हिशेबही त्यावरच. या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आठवडा जातो, कधी त्याहून जास्त जातो, आणि मग भलत्याच वेळी नळ फुरफुरतो. तनुजानं नळाच्या तोटीजवळ एक बारकं यंत्र बसवलं होतं. नळ आला की फोनवर प्रश्न उमटायचा: 'नळं आले. मोटर लावू का?' खाली दोन बटणं, व्हय आणि नाय. हा निरोप तिनं नजमुन्निसाभाभींच्या फोनवरही जोडून दिला, तेव्हा कुठं भाभींनी चहाचं मनातून काढून टाकलं.

शिवाय रविवारी दुपारी ती एक गेम तयार करत बसायची. दोन वर्षं तेच चाललं होतं. गेमचं नाव 'पंगत'. ती पुरी का होत नव्हती, ते पुढं येईलच.

त्या उन्हाळ्यात सोयगावला सत्यमचे वडील, आप्पासाहेब, गेले. दिवसपाणी उरकल्यावर सत्यम आईला, सरूबाईंना, थोडे दिवस म्हणून पडेगावला घेऊन आला. सरूबाई कमी बोलणाऱ्या. सकाळी उठून अंगण झाडायच्या, तनुजा नको म्हणायच्या आत भाजी निवडून ठेवायच्या, दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून तोंडातल्या तोंडात काहीबाही गुणगुणायच्या. त्या गुणगुणण्याला ना चाल ना शब्द. तनुजा आत टेबलाशी काम करत असायची आणि जिन्यावरून तो आवाज यायचा. लग्नानंतर इतकी वर्षं ती दिवसभर घरात एकटी असे. आता तो आवाज नसला की ती मान वर करून बघायला लागली. सासू आपल्याला आवडते हे लक्षात आल्यावर तिची तिलाच जरा गंमत वाटली.

एका दुपारी गच्चीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिनं विचारलं, "आई, आता इथंच राहता का आमच्याजवळ?"

सरूबाईंनी हातातल्या चादरीची टोकं जुळवली. "नाय बाई," त्या म्हणाल्या. "माझं सोयगावच बरं. तुम्ही दोघं सुखानं राहा."

तनुजाला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. व्हय म्हणाव्यात असं तिला फार वाटत होतं. पण नाही म्हणजे नाही. ज्या गोष्टीसाठी फुलंब्रीच्या घराशी भांडलो, तीच या म्हातारीच्या बाबतीत करायची, हे तिच्या तत्त्वात बसेना. तिनं मनाला आवर घातला आणि रात्री सत्यमच्या कानावर घातलं की आईंना गावीच राहायचंय. सत्यम म्हणाला, तुमचं दोघींचं ठरलं असेल तर मी मधे काय बोलू. त्यालाही दोष देण्यात अर्थ नाही. तो सरूबाईंचा एकुलता एक. आईच्या हातचं जेवताना त्याच्यावर नको म्हणायची वेळच कधी आली नाही, मागायच्या आत ताटात पडलेलं असायचं. नको म्हटल्यावर पुढं काय होतं, ते त्याला कुठून कळणार?

जायचंच म्हणतात, तर तिथं त्यांना एकटीला काही कमी पडू नये, असं तनुजानं ठरवलं. आणि दुसऱ्याच दिवशी ती कामाला लागली.

ती करत होती तो एक डबा होता. सुताराकडून लाकडाची पेटी करून घेतली, हवेसाठी तिला भोकं पाडून घेतली. आत साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर, दर्शनी बाजूला पडदा, पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आणि खाली दोन बटणं. सोयगावच्या घरात भिंतीवर टांगायचा. सकाळी तो विचारणार, तब्येत बरी आहे का. दुपारी विचारणार, गोळी घेतली का. उत्तरं तारेतून, वाऱ्यातून, जशी येतील तशी पडेगावच्या जिन्याखाली येणार, आणि गरज पडली तर सत्यमचा आणि तनुजाचा फोन वाजणार. सोयगावच्या शेजारीण भामाबाईंचा नंबरही त्यात घालून ठेवला. तनुजानं त्या डब्यावर जीव ओतला. नोकरीच्या कामाला लावला नसेल इतका वेळ तिनं त्या अक्षरांच्या आकाराला लावला. सरूबाईंना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून त्यांना लांब उभं करून, जवळ आणून, पुन्हा लांब नेऊन बघितलं.

सरूबाई हे सगळं बघत. कधी स्क्रू हातात धरून बसत, कधी टेबलाखाली बॅटरी दाखवत. एकदा त्यांनी विचारलं, हे सगळं माझ्यासाठी का. तनुजा म्हणाली, तुमच्यासाठीच, तिकडं एकट्या असाल ना. सरूबाईंनी हातातला स्क्रू टेबलावर ठेवला.

"लई खपतीस गं," त्या म्हणाल्या.

तनुजाला ते कौतुक वाटलं. ती खूश होऊन पुन्हा वायरीत डोकं घालून बसली.

एका बाबतीत मात्र सरूबाई अडल्या. डब्याला तनुजानं बारका कॅमेरा लावला होता, म्हणजे कुणी पडलं झडलं तर दिसावं. तो चालू करून ती पडद्यावर चित्र दाखवायला लागली, तर सरूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. बोलल्या काही नाहीत. हातही काढला नाही. तनुजानं स्क्रू सैल केले आणि कॅमेरा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. तो विषय तिथंच मिटला.

डबा तयार झाल्यावर तिनं तो आधी इथंच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगला. चार दिवस वापरून बघू, मग सोयगावला नेऊ, असा बेत. दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी तनुजाला पुण्याला जावं लागलं. सत्यम वाळूजला कंपनीत, पहिल्या पाळीला आणि वर ओव्हरटाइम. दोघं भल्या सकाळी बाहेर पडले. संध्याकाळी तनुजा परत आली तर घरात दिवा नाही, आणि सरूबाई दोन चादरी पांघरून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. अंगात सणकून ताप. तिनं रिक्षा बोलावली, डॉक्टरकडं नेलं, औषध आणलं, पेज करून पाजली. ताप उतरल्यावर विचारलं, डब्यानं सकाळी विचारलं नाही का.

विचारलं की, सरूबाई म्हणाल्या. तब्येत बरी आहे का म्हणून विचारलं, तर बरी नाय म्हणून दाबलं. मग त्यानं विचारलं, सत्यमला फोन लावू का.

"म्या नाय म्हणलं. मग ते गप बसलं."

तनुजानं सगळा डबा उलटापालटा करून तपासला. कुठं काही बिघडलेलं नव्हतं. डब्यानं विचारायचं ते विचारलं, उत्तर आलं तसं मानलं. तिच्या तत्त्वात बसेल तितका तो शहाणा वागला होता. मग चूक कुठंतरी रंगात असणार, असा तिनं अंदाज बांधला. 'नाय'चं बटण लाल होतं, डोळ्यात भरणारं, बोट तिकडंच जात असेल. तिनं रंग बदलले. व्हय मोठं केलं, नाय लहान केलं. तरी मनाचं समाधान होईना. म्हातारीच्या बोटाला पडद्याची सवय नाही हेच खरं कारण, असं तिला वाटलं. सवय व्हायला काहीतरी हातात द्यायला हवं. आणि देण्यासारखं तिच्याकडं एकच होतं, 'पंगत'.

निघायचा दिवस ठरला होता, गणपती उठल्यानंतरचा रविवार. त्याच्या आदल्या बुधवारी दुपारी तिनं सरूबाईंना टॅबलेट दिला आणि गेम समजावून सांगितली. मांडव आहे, पंगत बसली आहे, आपण वाढणारी. बोटानं भांडं उचलायचं आणि ताटावर न्यायचं. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. ज्याला पाहिजे त्याला वेळेत वाढायचं. वरच्या अंगाला समया आहेत. चुकलं की एक समई विझते.

सरूबाईंना हे आवडलं. आधी त्या पडदा इतका जोरात दाबायच्या की टॅबलेट मांडीवरून घसरायचा. पण हात वाढायला सरावलेला, लगेच जमलं. भराभर वरण गेलं, बट्ट्या गेल्या. मग कोपऱ्यातल्या फेटेवाल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर 'नको' उमटलं. सरूबाईंनी त्याच्या ताटात बट्टी टाकली. समई विझली. त्यांनी आणखी एक टाकली. दुसरी विझली. शेजारच्या बाईला बुंदी वाढली, तीही नको म्हणत होती, तिसरी विझली. असं करत मांडवात अंधार झाला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पाहुणे नाराज झाले.'

सरूबाईंनी टॅबलेट खाली ठेवला. त्यांना खरोखर राग आला होता. नाराज कशापायी झाले, हे त्यांना कळेना. तनुजानं सांगितलं, ते नको म्हणत होते, तुम्ही तरी वाढलं. नको म्हणणाऱ्याला वाढायचं नाही, हाच तर या गेमचा नियम आहे. फुलंब्रीच्या सगळ्या पंगतींचा सूड तिनं त्या एका नियमात घेतला होता. गेम पुरी का होत नव्हती तर त्यामुळंच. ज्याला खेळायला दिली तो वैतागून सोडून द्यायचा, का ते धड सांगता यायचं नाही.

सरूबाईंना मात्र सांगता आलं.

"पहिल्या झटक्याला कोन व्हय म्हणतं गं?" त्या म्हणाल्या. "हावरट म्हणतील की. उपाशी उठवू व्हय त्यांना?"

मग त्या सांगत बसल्या आणि तनुजा सवयीनं मोबाइलवर टिपत गेली, कामाच्या माणसाला विचारतो तसे प्रश्न विचारत. पहिलं नको हे रीतीचं असतं, त्याकडं लक्ष द्यायचं नाही. मग खरं नको कसं ओळखायचं? ते तोंडानं नसतंच, सरूबाई म्हणाल्या. ज्याचं पोट भरलं तो ताटावर आडवा हात धरतो. हात आला की थांबायचं, मग एक कण वाढायचा नाही. आणि कुणी म्हणलं, बरं, अर्धी वाढ, तर? तर त्याला अख्खी पाहिजे असं समजायचं. अर्धी म्हणणाऱ्याला अर्धी वाढली तर तो जन्मभर लक्षात ठेवतो.

"आणि दुसऱ्यांदा कशाला विचारायचं?" तनुजानं विचारलं. "एकदा विचारलं ना."

सरूबाईंनी तिच्याकडं बघितलं. एवढं कळत नाही या पोरीला, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

"एकदा तर कोनीबी इचारतं. दुसऱ्यांदा इचारलं की कळतं, वाढणारीच्या मनात हाय का नुस्तं इचारायचं म्हणून इचारलं."

आणि एकदाच विचारून वाढणारी पुढं गेली तर? काय व्हायचंय, सरूबाई म्हणाल्या, माणूस मुकाट उठतं आणि हात धुतं. कुणाला बोलत नाय. एवढं सांगून त्यांनी टॅबलेट पुन्हा मांडीवर घेतला. फेटेवाला म्हातारा त्यांच्या मनातून गेला नव्हता.

तनुजा टाकीचं बघून येते म्हणून उठली आणि जिन्याखालच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. आत पंख्याची घरघर चालू होती. गच्चीवरची ती दुपार तिला जशीच्या तशी दिसली, चादरीची जुळवलेली टोकं, नाय बाई, आणि त्यावर आपण म्हटलेलं 'बरं'. भाभींच्या चहासारखंच. आपण एकदा विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडं गेलो. त्या इथं बसून बॅटरी दाखवत होत्या.

आता लगेच जाऊन विचारावं, तर ते तिला जमेना. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आयुष्यात तिनं कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आणि समजा सरूबाईंना खरंच सोयगाव हवं असेल तर? ते त्यांचं घर, त्यांचा ओटा, भामाबाईंशी गप्पा. तसं असेल तर आपण मागं लागायचं म्हणजे फुलंब्रीच्या काकूच व्हायचं, हातात पोह्यांच्या बश्या देणाऱ्या. ज्याच्यावर उभा जन्म राग धरला तेच मायेच्या नावाखाली करायचं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तिनं गेम बदलायला घेतली. म्हाताऱ्याचा हात ताटावर आडवा येतो असं चित्र काढलं, तीनदा पुसून पुन्हा काढलं. दोनदा विचारायची सोय केली. गेम एका दिवसात सुधारली, पण तोंडाशी आलेले शब्द काही बाहेर पडेनात. शनिवारी सरूबाईंनी आपल्या बॅगा भरल्या. एक रोजच्या लुगड्यांची. दुसरी थंडीची, तिच्यात स्वेटर, शाल आणि गोधडी. ती सत्यमनं उन्हाळ्यातच बरोबर आणली होती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळीच बॅगा गाडीत गेल्या. डबा जुन्या साडीत गुंडाळून खोक्यात भरला आणि मागच्या सीटवर ठेवला. जेवून निघायचं होतं. सत्यमचं जेवण आधी झालं, तो टायरमध्ये हवा भरून आणतो म्हणून गेला. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. तनुजानं भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा केला होता. सरूबाई पाटावर बसल्या. तनुजा वाढून त्यांच्यासमोर बसली. बाहेर नजमुन्निसाभाभींचा नळ चालू होता, त्याचा आवाज येत होता.

"आई," ती म्हणाली, "सोयगावला जाऊ नका. इथं राहा."

सरूबाईंनी मान वर केली नाही. "नाय बाई. ठरलंय आता. बॅगा भरल्यात."

तनुजानं त्यांच्या हाताकडं बघितलं. तो ताटावर आडवा नव्हता. भाकरीचा तुकडा मोडून तो तसाच थांबला होता. हा हात आपण नीट वाचतोय का आपल्याला हवं तेच बघतोय, हे तिला कळेना. तरी ती बोलली.

"मला तुम्ही इथं हव्या आहात. गच्चीवर विचारलं तेव्हाही हव्या होत्या. तुम्ही नाय म्हणालात, आणि मला वाटलं, खरंच नाय."

सरूबाईंनी तुकडा ताटात ठेवला.

"म्या म्हणलं, पोरीनं रीतीपुरतं इचारलं," त्या म्हणाल्या. "आन् दुसऱ्या दिशी तू डबा करायला बसलीस. रोज बघायची म्या. किती मन लावून करती, म्हणलं. मला धाडायचं."

तनुजाला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. इतके दिवस जे आपण मायेनं करत होतो, ते समोरच्या माणसाला रोज थोडं थोडं घराबाहेर ढकलत होतं, आणि त्या माणसानं त्यासाठी आपल्याला स्क्रू धरून दिले. म्हणायचं एकच उरलं होतं, आणि ते तिला आता अवघड वाटलं नाही.

"राहा," ती म्हणाली.

सरूबाईंनी पदरानं डोळे पुसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडं बघत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत राहते."

तेवढ्यात सत्यम आला. दारातच उभं राहून त्यानं विचारलं, निघायचं ना, सिल्लोडच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, उशीर नको. तनुजानं तोंड पुसलं आणि सांगितलं, जायचं नाही, आई राहतायत. सत्यम एकदा आईकडं बघायचा, एकदा बायकोकडं. मग त्यानं आपल्या नेहमीच्या सवयीनं 'बरं' म्हटलं, आणि किती दिवस, एवढंच विचारलं. दिवाळीपर्यंत, सरूबाई म्हणाल्या.

तो गाडीकडं गेला. लुगड्यांची बॅग घेऊन आत आला, आणि दाराशी थांबून म्हणाला, दिवाळीपर्यंतच तर थंडीची बॅग गाडीतच राहू दे, पुन्हा चढवायला नको.

सरूबाई भाकरी मोडत होत्या.

"तीपण आण," तनुजा म्हणाली.